लग्नपत्रिका आणि विहिरीवरची मोटर

काठोकाठ भरलेल्या ग्लासवर जुनी लग्नपत्रिका ठेवा, तळव्याने दाबून ग्लास उलटा करा आणि हात काढा. पाणी पडत नाही. (माझी पहिली पत्रिका पातळ निघाली, चप्पल भिजली.) 7 सेंटिमीटर तोंडाच्या ग्लासात पाणी पाव किलो, खालून हवेचा रेटा मात्र सुमारे 37 किलोंचा!

शिरूर-दौंडकडे हीच हवा विहिरीत राबते. काठावरची मोटर पाणी ओढते असं आपण म्हणतो. खरं तर ती पाइपात दाब कमी करते. पाणी वर ढकलते बाहेरची हवा. समुद्रसपाटीला ही ढकल फार तर 10.3 मीटर, इथे घोड-भीमा नद्यांच्या काठी, सुमारे 500 मीटर उंचीवर, त्याहून अर्ध्या मीटरपेक्षा थोडी अधिक कमी. प्रत्यक्षात सात-आठ मीटरलाच दम संपतो. म्हणून उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, की मोटरही दोराने विहिरीत उतरवतात.