बळी कुणाच्या भल्यासाठी? पंथाचा भयपट आणि आपला मुलूख

शहरातला माणूस आडवळणाच्या गावात येतो. गाव त्याच्याशी गोड बोलतं, त्याला पोटभर जेवू घालतं. मग कळतं की अख्खं गाव एका पंथाचं आहे आणि पाहुणा त्यांच्या देवाचा नैवेद्य ठरलेला आहे. एवढ्याच गोष्टीवर युरोप-अमेरिकेत गेली पन्नास वर्षं चित्रपट निघताहेत. मराठी पडद्यावर चेटकिणी, मुंजे, मांत्रिक भरपूर झाले, पण असं पंथाचं गाव क्वचितच दिसतं. आपल्या लेखकांची कल्पनाशक्ती तोकडी पडली, असं मला वाटत नाही. आपल्याकडची बळीची गोष्ट गावाच्या देवळात घडतच नाही, ती घडते एखाद्याच्या वाड्यात.

साचा कसा असतो

इंग्रजीत या प्रकाराला ‘फोक हॉरर’ म्हणतात. त्याचे आद्य चित्रपट म्हणून तीन ब्रिटिश नावं घेतली जातात : ‘विचफाइंडर जनरल’ (१९६८), ‘द ब्लड ऑन सेटन्स क्लॉ’ (१९७१) आणि रॉबिन हार्डी यांचा ‘द विकर मॅन’ (१९७३). अॅडम स्कोव्हेल या समीक्षकाने या चित्रपटांतली साखळी दाखवून दिली. आधी भूभाग, त्या भूभागामुळे आलेला एकाकीपणा, एकाकीपणातून वाकडी झालेली श्रद्धा आणि शेवटी त्या श्रद्धेने मागितलेला विधी. अॅरी अॅस्टर यांचा ‘मिडसमर’ (२०१९) याच साखळीतला. त्यात अंधाराची जागा स्वीडनच्या न मावळणाऱ्या उन्हाने घेतली, एवढाच फरक.

‘विकर मॅन’मध्ये एक धर्मनिष्ठ पोलीस हवालदार हरवलेल्या मुलीच्या शोधात समरआयल बेटावर जातो. बेटावर आदल्या वर्षी फळं धरलेली नसतात. पुढचं पीक यावं म्हणून लोक त्याला वेताच्या अवाढव्य पुतळ्यात कोंडून जाळतात आणि भोवती गाणी म्हणतात. प्रेक्षक हादरतो तो त्या गाण्यांमुळे. तिथे कुणालाच अपराधी वाटत नसतं, कारण बळी सगळ्यांच्या भल्यासाठी दिलेला असतो.

त्याच महिन्यांत, मानवतला

हा चित्रपट डिसेंबर १९७३ मध्ये इंग्लंडच्या चित्रगृहांत लागला, तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये खून चालू होते. आपल्या वाशिमच्या दक्षिणेला हिंगोली आणि हिंगोलीपलीकडे परभणी, म्हणजे हा काही फार लांबचा मुलूख नव्हे. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात तिथे एकामागून एक बायका आणि लहान मुली मारल्या गेल्या. स्थानिक तपास पुढे सरकेना, तेव्हा मुंबईच्या गुन्हे शाखेतून रमाकांत कुलकर्णी यांना पाठवण्यात आलं.

साल बहात्तरचं, म्हणजे दुष्काळाचं. शेतं ओस पडलेली, माणसं खडी फोडायला गेलेली, पोरांच्या हातात सुकडी. समरआयलच्या हिशेबाने इथे पावसासाठी, पिकासाठी बळी जायला हवा होता. पण सरकार पक्षाने न्यायालयात मांडलेल्या कहाणीत पाऊस नव्हता. एका बाईला मूल हवं होतं, वाड्याच्या परिसरात पुरलेलं धन हवं होतं आणि पिंपळावरच्या मुंजाला रक्त हवं होतं. गावाच्या भल्याचा त्यात कुठे पत्ताच नव्हता. हवं होतं ते एका घरासाठी, आणि त्यासाठी जीव दुसऱ्यांच्या लेकींचे.

खटल्याचा निकालही चित्रपटाला न मानवणारा. सत्र न्यायालयात दोषी ठरलेले प्रमुख आरोपी वरच्या न्यायालयांत सुटले आणि त्यांचे काही साथीदार फासावर गेले. त्यामुळे ‘खरं काय घडलं’ हे छातीठोकपणे सांगणाऱ्या कोणत्याही पटकथेकडे जरा सावधपणे पाहावं.

‘आक्रीत’ आणि नंतरचं

या प्रकरणावर पहिला चित्रपट निघाला तो १९८१ मध्ये. ‘आक्रीत’ हे अमोल पालेकर यांचं पहिलं दिग्दर्शन, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि मुख्य भूमिकांत चित्रा पालेकर व स्वतः अमोल पालेकर. फ्रान्समधल्या नांतच्या महोत्सवात त्याला परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं. हा भयपट आहे असं कुणी म्हणत नाही, आणि मला ते चुकीचं वाटतं. तेंडुलकरांनी यात भूत आणलं नाही. गावातला वजनदार पुरुष, त्याने ठेवलेली बाई, तिची असुरक्षितता आणि दोघांचा हावरटपणा एवढ्यावर चित्रपट उभा राहतो. गाव काय करतं? बघत राहतं. पंथाच्या चित्रपटात गाव गुन्ह्यात सामील असतं. इथे ते घाबरून किंवा मिंधेपणाने गप्प असतं. हे गप्प राहणं आपल्याला जास्त ओळखीचं आहे.

२०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही वेब मालिका आली. आशिष बेंडे यांनी ती दिग्दर्शित केली आणि कुलकर्णींची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली. तिचा आधार कुलकर्णींचं पुस्तक, त्यामुळे ती तपासाच्या बाजूने चालते. ‘आक्रीत’ आरोपींच्या घरात शिरतो, मालिका पोलिसांच्या जीपमध्ये बसते.

धनाचा हंडा

विदर्भ-मराठवाड्यात गुप्तधनाची एक अख्खी परिभाषा आहे. हंडा ‘लागतो’, त्यावर नाग ‘बसलेला’ असतो, आणि तो पाहायला ‘पायाळू’ लागतो, म्हणजे पायांकडून जन्मलेला माणूस. त्याला जमिनीखालचं दिसतं अशी समजूत. मांडूळ, वीस नखी कासव, अमावास्येची रात्र, लिंबू, हळद-कुंकू आणि कुणाच्या तरी घरात खणलेला खड्डा. गुप्तधनाच्या नादाने पकडलेल्यांच्या बातम्या वऱ्हाडातली वर्तमानपत्रं अजूनही छापतात.

या उद्योगात पंथ नावाचं काही नसतं. एक बुवा असतो, पैसे घालणारा एखादा असतो, एक-दोन हरकाम्ये असतात. पूजा गुपचूप उरकायची असते, कारण हंड्यात वाटेकरी नको असतात. समरआयलवर सगळं बेट मिरवणुकीने निघतं. आपल्याकडे मात्र शेजाऱ्याला पत्ता लागू नये म्हणून खिडकीला गोधडी लावतात.

वाड्यातली भीती

म्हणूनच आपले चांगले भयपट घरात घडतात. नारायण धारपांच्या कथांतून स्फुरलेला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हिंदीत बोलतो, पण हाडाने मराठी आहे. त्यातला हस्तर हा देव खरा, पण त्याचा कुणी संप्रदाय नाही. त्याच्याकडे जातो तो एक बाप, आणि नंतर त्याचा मुलगा. मोहरांचा हा धंदा वडिलोपार्जित आहे. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त (२०१७) उसाच्या फडात एकाकी घर आहे, गरोदर नायिका आहे, गोड बोलणारी यजमानीण आहे. सगळा साचा पाश्चात्त्य, पण भीतीच्या मुळाशी आहेत त्या जन्मू न दिलेल्या मुली. हृषीकेश गुप्ते यांच्या ‘जारण’मध्येही (२०२५) करणीची भीती एका बाईच्या मनात आणि माहेरच्या घरात आहे.

मूल, मुलगा, धन. हव्यास या तीन गोष्टींचा, आणि तिन्ही वारशाच्याच.

वाशिमातले खरे पंथ

आता उलटी बाजू. खरेखुरे, अलिप्त, आपापल्या रीतीने जगणारे पंथ पाहायचे तर वाशिम जिल्हा उत्तम. कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, तिथेच जैन भट्टारकांच्या जुन्या गाद्या. मानोरा तालुक्यात पोहरादेवी, सेवालाल महाराजांची समाधी असलेली बंजारा समाजाची काशी. रामनवमीला तिथे देशभरचे तांडे येतात.

मालेगाव तालुक्यातलं शिरपूर तर पटकथाकाराने मागून घ्यावं असं. अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा. दिगंबर आणि श्वेतांबर यांच्या वादामुळे १९८१ पासून मंदिराला कुलूप लागलं आणि ते २०२३ मध्ये उघडलं. चाळीसहून अधिक वर्षं बंद दार, आत तरंगणारी मूर्ती, बाहेर दोन पंथ! आणि प्रत्यक्षात काय झालं, तर वकील, तारखा आणि सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. भयपट काढणाऱ्याची निराशाच.

वऱ्हाडातल्या महानुभावांचं उदाहरण याहून बोलकं. चक्रधरस्वामींचा हा पंथ, त्याचं रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात. पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले आणि शतकानुशतके बाहेरच्यांना दाखवले नाहीत. साधूंची काळी वस्त्रं, गुप्त लिपी, मठातली पोथी : कुजबुजीला एवढं पुरेसं होतं, आणि महानुभावांबद्दल नाही नाही त्या अफवा पसरल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्यांनी ती लिपी उलगडली. आत निघालं ‘लीळाचरित्र’, निघाले महदंबेचे धवळे. मराठी गद्याचा आरंभच त्या कुलुपात होता.

कायद्याने कुठे रेघ ओढली

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला आणि चारच दिवसांत, वर्षानुवर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. विदर्भात या चळवळीची मुळं त्याहून जुनी. श्याम मानव यांनी नागपुरात अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८२ मध्ये सुरू केली होती.

कायद्याची अनुसूची वाचण्यासारखी आहे. मौल्यवान वस्तू, गुप्तधन, जलस्रोत यांच्या शोधासाठी करणी-भानामतीच्या नावाने अमानुष कृत्य करणं किंवा नरबळी देणं, असा गुन्हा तिथे सांगितला आहे. हंडा आणि बळी कायद्यानेच एका ओळीत बसवले. पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन यांना मात्र हा कायदा लागू नाही, असंही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे कायदा पंथाला हात लावत नाही, कृत्याला लावतो.

पडद्यावरचा पंथ कुणाच्या माथी

उद्या कुणी मानोऱ्याच्या डोंगरात पंथाचा भयपट चित्रित करायला आला, तर कॅमेरा तांड्याकडेच वळेल याची मला खात्री आहे. गावाबाहेरची वस्ती, भिंगांची काचोळी, होळीची आग, रात्रभर चाललेली लेंगी गीतं. आयतं नेपथ्य. बोली कळत नसलेल्या प्रेक्षकाला होळीचं गाणंही मंत्र वाटू शकतं.

हे काल्पनिक संकट नाही. मानवत प्रकरणातली प्रमुख आरोपी पारधी समाजातली होती. तिची सुटका झाली तरी लोकांच्या बोलण्यात आणि पडद्यावर तिची जात तेवढी ठळक राहिली, गावातल्या प्रतिष्ठितांची मात्र विरत गेली. पारधी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मतःच गुन्हेगार ठरवले गेले होते. १९५२ मध्ये तो कायदा गेला आणि ते ‘विमुक्त’ झाले. ‘मिडसमर’मधला होर्गा पंथ कपोलकल्पित आहे, त्याचा वंशज म्हणून स्वीडनमध्ये कुणाला ठाण्यात बोलावत नाहीत. इथे आसपास चोरी झाली की पोलिसांची गाडी अजूनही आधी पारध्यांच्या पालांवर जाते.