गोळीची शक्ती आणि नेमाची शिस्त

ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाच्या दोन वस्त्या आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर मार्गावर, दुसरी डोंबिवलीत. एकेकाळच्या या खेड्यांत आज उंच इमारती, कारखाने, शाळा आणि अहोरात्र वाहणारी रहदारी आहे. १९८१ साली स्थापन झालेल्या ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत अशा दाट वस्त्या अनेक आहेत. तेथे पोलीस अधिकाऱ्यास पिस्तूल चालवावे लागलेच, तर त्याची गोळी कोठे लागेल आणि लागल्यावर नेमके काय करील, हा प्रश्न केवळ पोलीस खात्यापुरता राहत नाही.

गोळी काय करते?

चित्रपटात गोळी लागताच माणूस मागे फेकला जातो व निपचित पडतो. वस्तुस्थिती तशी नाही. नऊ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी सुमारे आठ ग्रॅम वजनाची असते आणि सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगाने नळीबाहेर पडते. ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफलीची गोळी ११ ग्रॅमहून थोडी जड, पण तिचा वेग सेकंदाला ७४० मीटरच्या आसपास असतो. ऊर्जा ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने रायफलीच्या गोळीत पिस्तुलाच्या गोळीच्या सहापटीहून अधिक ऊर्जा असते. पिस्तुलाची गोळी ज्या मार्गाने जाते, मुख्यत्वे तेवढ्याच पेशी फाडते. ती मेंदूत किंवा मज्जारज्जूच्या वरच्या भागात लागली तरच माणूस तत्क्षणी कोसळतो. एरवी रक्तस्राव होऊन शुद्ध हरपेपर्यंत वेळ जातो. हृदय निकामी झाले तरी मेंदूतील प्राणवायूच्या बळावर माणूस दहा-पंधरा सेकंद हालचाल करू शकतो.

मायामीचा धडा

याचा प्रत्यय ११ एप्रिल १९८६ रोजी अमेरिकेतील मायामी शहरात आला. एफ.बी.आय. या केंद्रीय तपास संस्थेच्या आठ अधिकाऱ्यांनी दोन सशस्त्र दरोडेखोरांना अडविले. चकमकीच्या आरंभीच एका दरोडेखोराला लागलेली नऊ मिलिमीटरची गोळी दंडातून छातीत शिरली, पण हृदयापाशी पोहोचण्यापूर्वीच थांबली. जखम प्राणघातक असूनही तो लढत राहिला. दोन अधिकारी मृत्युमुखी पडले व पाच जखमी झाले. पुढे १९८९ मध्ये त्या संस्थेने निष्कर्ष काढला की, गोळी योग्य जागी लागणे आणि पुरेशी खोल जाणे याच गोष्टी निर्णायक आहेत. जिलेटिनच्या ठोकळ्यात ती किमान ३० सेंटिमीटर जावी, पण ४५ सेंटिमीटरपलीकडे जाऊ नये, असे प्रमाण ठरले. वरची मर्यादाही महत्त्वाची आहे. शरीर भेदून बाहेर पडलेली गोळी मागील निरपराध माणसाला लागू शकते. मानपाड्यासारख्या गजबजलेल्या वस्तीत हा धोका सर्वाधिक होय.

२६ नोव्हेंबरची रात्र

२००८ सालच्या मुंबईवरील हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर ए.के. ४७ रायफलींसमोर काही पोलिसांच्या हाती जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या, तर काहींच्या हाती नुसत्या लाठ्या. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर साहाय्यक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरली. गोळ्या अंगात शिरत असतानाही त्यांनी ती सोडली नाही, म्हणूनच हल्लेखोर जिवंत हाती लागला. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावच्या या वीरास २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र प्रदान करण्यात आले. मात्र शौर्याने साधनांची उणीव भरून काढावी, अशी अपेक्षा कोणत्याही शासनाने ठेवता कामा नये. हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीनेही दारूगोळ्याची टंचाई व त्यामुळे खंडित झालेला गोळीबाराचा सराव यांवर बोट ठेवले. २००९ मध्ये ‘फोर्स वन’ हे विशेष पथक उभारण्यात आले. परंतु घटनास्थळी प्रथम पोहोचतो तो नजीकच्या ठाण्यातील शिपाईच.

सराव कशाचा?

म्हणूनच नेमबाजी हे प्रशिक्षण काळात एकदा उरकण्याचे काम नव्हे. स्थिर लक्ष्यावर गोळ्या झाडणे ही केवळ मुळाक्षरे होत. अंधारात, धावपळीनंतर, आडोशामागून, छाती धडधडत असताना नेम धरणे आणि विशेष म्हणजे गोळी न झाडण्याचा निर्णय क्षणार्धात घेणे, हे खरे शिक्षण. चापावर बोट केव्हा ठेवायचे, लक्ष्याच्या मागे कोण आहे, या सवयी पुनरावृत्तीनेच अंगी बाणतात. हवेत झाडलेली गोळीही कोठेतरी खाली येतेच, हे विसरून चालत नाही.

या शक्तीला कायद्याची चौकट आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३व्या कलमानुसार, देहदंडास किंवा आजन्म कारावासास पात्र अपराधाचा आरोप नसलेल्या व्यक्तीचा अटक करताना मृत्यू घडवून आणण्याचा अधिकार पोलिसांना नाही. मुंबईतील चकमकींवरून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंची स्वतंत्र चौकशी आणि संबंधित शस्त्रांची न्यायवैद्यक तपासणी आवश्यक ठरविली.

आपला वाटा

सरावासाठी मैदान लागते आणि ते बहुधा गावाच्या शिवेवर असते. तेथे लाल निशाण फडकत असताना गुरे वा मुले आत जाणार नाहीत, पुंगळ्या व शिसे वेचण्याच्या मोहाने कोणी जिवावर उदार होणार नाही, याची दक्षता पंचायत सदस्यांना घेता येईल. गोळीचे खरे स्वरूप विद्यार्थ्यांना समजावून सांगून शिक्षकांना पडद्यावरील बंदुकीचे आकर्षण ओसरविता येईल. आणि सरावाच्या काडतुसांचा खर्च मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांनी ध्यानी घ्यावे की, मैदानावर खर्ची पडलेले प्रत्येक काडतूस उद्या रस्त्यावर एखाद्या शिपायाचे, किंवा एखाद्या वाटसरूचे, प्राण वाचवू शकते.