एका कारखान्याचे सहा धनी

कोरियन मोटार म्हटली की आपल्यासमोर ह्युंदाई येते, फार तर किया. या दोन मोठ्या नावांच्या सावलीत कोरियातली एक जुनी कंपनी झाकली गेली आहे. तिचा आपल्याशी असलेला संबंध मात्र बराच जवळचा आहे. नाशिकच्या कारखान्यात तयार झालेली महिंद्राची एक्सयूव्ही ३०० ही गाडी फेब्रुवारी २०१९ मध्ये बाजारात आली. तिच्या बांधणीचा पाया, ज्याला मोटार उद्योगात प्लॅटफॉर्म म्हणतात, तो 'तिवोली' या कोरियन गाडीचा होता. तिवोली ही सँगयाँग कंपनीची गाडी, आणि सँगयाँग त्या वेळी महिंद्राच्या मालकीची होती. आज ती महिंद्राकडे नाही आणि तिचे नावही सँगयाँग राहिलेले नाही.

या कंपनीबद्दल वाचताना दोन याद्या हाती लागतात, एक गाड्यांची आणि दुसरी मालकांची. त्या शेजारी-शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. धनी बदलत गेले, गाड्या बदलत गेल्या. सोलच्या दक्षिणेला प्योंगटेक या गावी १९७९ मध्ये उभा राहिलेला कारखाना मात्र जागेवरून हलला नाही, आणि प्रत्येक वेळी व्यवहाराची किंमत मोजली ती त्यात काम करणाऱ्या माणसांनी.

बसपासून जीपपर्यंत

कोरियन युद्ध १९५३ मध्ये थांबले. देश बेचिराख झाला होता. त्या काळात अमेरिकन सैन्याने टाकून दिलेले ट्रक आणि तेलाच्या पिंपांचा पत्रा हाच वाहन बांधणाऱ्यांचा कच्चा माल होता. हा दोंग-ह्वान या कारागीर-उद्योजकाने १९५४ मध्ये आपली कार्यशाळा काढली आणि अशा सामानातून बसगाड्या बांधायला सुरुवात केली. साठच्या दशकात त्याच्या बस परदेशी जाऊ लागल्या. १९७७ मध्ये कंपनीचे नाव दोंग-आ मोटर झाले, आणि दोनच वर्षांनी प्योंगटेकचा कारखाना तयार झाला.

दुसरी शाखा जीपची. शिंजिन नावाच्या कोरियन कंपनीने १९७४ मध्ये अमेरिकन मोटर्स कॉर्पोरेशनशी करार करून जीप बांधायला घेतली. पुढे ही कंपनी 'कोह्वा' झाली. १९८३ मध्ये या जीपला 'कोरँडो' हे नाव मिळाले. 'कोरियन कॅन डू', म्हणजे कोरियन माणूस करू शकतो, या इंग्रजी शब्दांची ती जुळणी. १९८४ मध्ये दोंग-आने कोह्वा विकत घेतली आणि बस व जीप एका छताखाली आल्या.

इथे एक योगायोग नोंदवायला हवा. महिंद्रानेही मोटार उद्योगात पाऊल टाकले ते १९४० च्या दशकाच्या अखेरीस, मुंबईत विलीज जीपची जुळणी करून. म्हणजे कोरँडो आणि महिंद्राची जीप या एकाच अमेरिकन आजोबाच्या दोन देशांत वाढलेल्या नाती होत. त्यांची गाठ पडायला पुढे पंचवीसेक वर्षे जावी लागली.

जुळे ड्रॅगन आणि गेंडा

१९८६ मध्ये दोंग-आ मोटर सँगयाँग उद्योगसमूहाकडे गेली. सिमेंटसाठी प्रसिद्ध असलेला हा समूह. सँगयाँग म्हणजे जुळे ड्रॅगन. १९८८ मध्ये हेच नाव मोटार कंपनीला मिळाले. ह्युंदाई छोट्या प्रवासी गाड्यांमध्ये पुढे निघून गेली होती; तिच्याशी तिथे झुंजण्यापेक्षा सँगयाँगने डोंगर, चिखल, बर्फ यांना न डरणाऱ्या दणकट गाड्यांची वाट धरली. तंत्रज्ञानासाठी तिने १९९१ मध्ये मर्सिडीज-बेंझशी सहकार्य केले.

त्यातून १९९३ मध्ये 'मुसो' आली. मुसो म्हणजे गेंडा. रेखाटन ब्रिटिश डिझायनर केन ग्रीनली यांचे आणि डिझेल इंजिनाचे तंत्र मर्सिडीजचे. १९९६ मध्ये कोरँडो नव्या रूपात आली. १९९७ मध्ये मर्सिडीजच्या ई-क्लासच्या जुन्या पिढीवर बेतलेली 'चेअरमन' ही आलिशान गाडी निघाली. पण नव्या गाड्यांसाठी घेतलेले कर्ज फार होते, आणि त्याच वर्षी आशियाई आर्थिक संकट कोसळले. सँगयाँग समूहाने मोटार कंपनी देवूला विकली. दोन-तीन वर्षांत देवूच बुडाली आणि कंपनी धनको बँकांच्या ताब्यात गेली. 'रेक्स्टन' ही तिची सर्वांत नावाजलेली गाडी बाजारात आली ती २००१ मध्ये, ऐन या पडझडीत. गाड्या बनवण्यात ही माणसे कमी नव्हती, हे यावरून कळते.

सत्त्याहत्तर दिवस

बँकांना गिऱ्हाईक हवे होते. ते २००४ मध्ये चीनमधून आले. शांघायच्या एसएआयसी या सरकारी कंपनीने सुमारे ४९ टक्के हिस्सा घेण्याचा करार केला. नव्या धन्याने कबूल केलेली गुंतवणूक केली नाही आणि तंत्रज्ञान तेवढे चीनला नेले, असा कामगार संघटनेचा आरोप होता. सँगयाँगच्या 'कायरन' या गाडीवर आधारलेली गाडी एसएआयसीने पुढे आपल्या ब्रँडखाली चीनमध्ये विकली, एवढे मात्र उघड आहे. २००८ मध्ये तेल भडकले, पाठोपाठ जागतिक मंदी आली. मोठ्या डिझेल गाड्यांवर जगणाऱ्या कंपनीला हा दुहेरी फटका होता. जानेवारी २००९ मध्ये ती न्यायालयाच्या आश्रयाला गेली.

कंपनी वाचवायची योजना आली, तीत २,६४६ जणांची कपात होती, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या सुमारे ३७ टक्के. २२ मे २००९ रोजी कामगारांनी कारखान्याचा ताबा घेतला. 'कपात म्हणजे खून' ही त्यांची घोषणा होती. ज्यांची नावे यादीत नव्हती त्यांना 'जिवंत' आणि ज्यांची होती त्यांना 'मेलेले' म्हटले जाऊ लागले. कालपर्यंत एकाच पाळीत काम करणारे हे दोन गट दरवाजावर एकमेकांसमोर उभे ठाकले. आत पाणी तोडले गेले. हेलिकॉप्टरमधून अश्रुधुराचा द्रव फवारला गेला. कामगारांनी शेवटचा आसरा घेतला तो रंगकाम विभागात. सत्त्याहत्तराव्या दिवशी, ६ ऑगस्टला, तडजोड होऊन संप संपला. काहींना बिनपगारी रजा मिळाली, काहींनी राजीनामे दिले, काहींची नोकरी गेली.

जगभर गाजलेल्या 'स्क्विड गेम' या मालिकेचा नायक 'ड्रॅगन मोटर्स'मधून काढलेला कामगार आहे. त्यामागे सँगयाँगची हीच घटना असल्याचे दिग्दर्शक ह्वांग दोंग-ह्योक यांनी सांगितले आहे.

मुंबईहून आलेला धनी

नोव्हेंबर २०१० मध्ये महिंद्राने ७० टक्के हिस्सा घेण्याचा करार केला आणि मार्च २०११ मध्ये व्यवहार पुरा झाला. दोन जीपवाल्यांची गाठ पडली ती अशी. ऑक्टोबर २०१२ मध्ये रेक्स्टन भारतात आली. तिचे सुटे भाग कोरियातून येत आणि जुळणी चाकणला होई. २०१८ मध्ये रेक्स्टनचीच पुढची पिढी 'अल्तुरास जी४' या नावाने आली, तीही चाकणलाच जुळवलेली. कोरियात २०१५ मध्ये आलेली छोटी तिवोली चांगली खपली आणि २०१६ मध्ये कंपनी नऊ वर्षांनी नफ्यात आली. सप्टेंबर २०१८ मध्ये उरलेल्या ११९ बडतर्फ कामगारांना परत घेण्याचा करार झाला. त्यांतले शेवटचे काही जण मे २०२० मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी, कामावर रुजू झाले.

ते आत गेले तेव्हा धनी बाहेर पडायच्या तयारीत होता. तोटा पुन्हा वाढला होता. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, महिंद्राच्या संचालक मंडळाने नवे भांडवल घालायला नकार दिला. डिसेंबरमध्ये कंपनी दुसऱ्यांदा न्यायालयात गेली. महिंद्राच्या भागधारकांच्या बाजूने पाहिले तर हा निर्णय समजण्यासारखा आहे; न भरणाऱ्या विहिरीत किती पाणी ओतायचे? पण धन्याला बाहेर पडायला दार असते, तसे ते प्योंगटेकच्या फिटरला नसते.

पिवळे पाकीट

संपाची झळ संपाबरोबर विझली नव्हती. कंपनीने आणि पोलिसांनी नुकसानभरपाईचे दावे लावले होते. २०१३ मध्ये न्यायालयाने संपकऱ्यांना सुमारे ४ अब्ज ७० कोटी वॉन भरायला सांगितले. ही बातमी वाचून एका आईने एका साप्ताहिकाला ४७,००० वॉन पाठवले. एक लाख माणसांनी एवढेच दिले तर रक्कम पुरी होईल, असा तिचा साधा हिशेब होता. कोरियात पूर्वी पगार पिवळ्या पाकिटातून मिळत असे, म्हणून २०१४ मध्ये उभ्या राहिलेल्या मोहिमेला 'पिवळे पाकीट' हे नाव पडले. २०१८ पर्यंत बडतर्फ कामगार आणि त्यांचे कुटुंबीय मिळून तीस मृत्यू मोजले गेले होते, त्यांत अनेक आत्महत्या होत्या. हेलिकॉप्टरचा तसा वापर बेकायदा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. संपकऱ्यांवरील भरपाईच्या दाव्यांना लगाम घालणारा आणि कंत्राटी कामगारांना मूळ कंपनीशी वाटाघाटीचा हक्क देणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये कोरियन संसदेने संमत केला. लोक त्याला पिवळ्या पाकिटाचा कायदाच म्हणतात.

आणि कंपनी? एडिसन मोटर्स या इलेक्ट्रिक बस बनवणाऱ्या छोट्या कंपनीने ती घेण्याचा करार केला होता. पैसे उभे न राहिल्याने तो मार्च २०२२ मध्ये मोडला. मग पोलाद आणि रसायनांत असलेला केजी समूह पुढे आला. दरम्यान कारखाना चालू राहावा म्हणून कामगारांनीच आळीपाळीने बिनपगारी रजा स्वीकारली होती. त्याच काळात तयार झालेली 'टोरेस' जुलै २०२२ मध्ये बाजारात आली आणि चालली. मार्च २०२३ मध्ये जुळे ड्रॅगन पाटीवरून उतरले आणि 'केजी मोबिलिटी' हे नाव लागले. त्याच वर्षी कंपनी नफ्यात आली, आणि तिला विकत घेऊ पाहणारी एडिसन तिनेच विकत घेतली. बसपासून सुरू झालेली कंपनी सत्तर वर्षांनी पुन्हा बस बनवू लागली.

आज तिच्या ताफ्यात टोरेस आणि तिची इलेक्ट्रिक आवृत्ती, रेक्स्टन, तिवोली, नवी अ‍ॅक्टियन आहे. इलेक्ट्रिक गाड्यांची बॅटरी चीनच्या बीवायडीची आहे. 'मुसो' हे गेंड्याचे नावही आता इलेक्ट्रिक पिकअपवर परत आले आहे. आपल्याकडे एक्सयूव्ही ३०० च्या जागी २०२४ मध्ये एक्सयूव्ही ३एक्सओ आली. तिच्या पायाचे मूळ अजूनही त्या तिवोलीतच आहे. नाशिकला ती जुळवणाऱ्या हातांचा आणि प्योंगटेकला तिवोली जुळवणाऱ्या हातांचा कधी परिचय झाला नसेल. गाडी मात्र त्यांची एकच आहे.