अंगठ्याचे दुखणे आणि रजेचा प्रश्न

एकलव्याने गुरुदक्षिणा म्हणून दिलेला अंगठा हाताचा होता, आणि त्या त्यागाची महती शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पायाच्या अंगठ्याला मात्र असे भाग्य लाभले नाही. तो दुखू लागेपर्यंत त्याची कोणाला आठवण होत नाही. आणि दुखू लागला तरी ‘अंगठाच तर आहे’ म्हणून त्याचे दुखणे हसण्यावारी नेले जाते. वस्तुतः प्रत्येक पावलागणिक टाच उचलली गेली की शरीराचा भार पुढे नेण्याचे काम मुख्यतः अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या सांध्याला करावे लागते. या सांध्यातील कूर्चा झिजून वरच्या बाजूस हाडाचे उंचवटे वाढले की अंगठा वर वळेनासा होतो. ‘हॅलक्स रिजिडस’, म्हणजे ताठर अंगठा, हे या विकाराचे वैद्यकीय नाव होय.

रुंद व कडक तळाचे बूट, वेदनाशामक औषधे, इंजेक्शन या उपायांनी भागेनासे झाले म्हणजे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. झीज मर्यादित असेल तर वाढलेले हाड तासून सांधा हलता ठेवता येतो. सांधा पुरता निकामी झाला असेल तर दोन्ही हाडे पट्टी व स्क्रूंनी एकत्र जखडून सांधा कायमचा बंद करतात. त्यामुळे वेदना बहुधा थांबते, पण अंगठ्याची त्या सांध्यातील हालचालही संपते. खुर्चीत बसून जेवणाऱ्या समाजात ही किंमत थोडी वाटेल. उकिडवे बसून भांडी घासणाऱ्या, चवड्यांवर बसून शेतात खुरपणाऱ्या किंवा वज्रासनात बसणाऱ्या माणसाला ती मोठी आहे. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने आपल्या दिनचर्येची कल्पना डॉक्टरांना द्यावी आणि डॉक्टरांनीही ती विचारून घ्यावी, हे उत्तम.

शस्त्रक्रिया तास-दीड तासात उरकते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी घरी येतो. आप्तेष्टांना वाटते, संपले! खरा उपचार येथूनच सुरू होतो. पहिले दोन आठवडे पाय उशांवर उंच ठेवावा लागतो; टाके साधारण त्या सुमारास निघतात. सांधा जखडला असेल तर सुमारे सहा आठवडे कडक तळाचे पादत्राण घालून, भार टाचेवर देत, बेताने चालावे लागते. हाडे जुळली की नाही हे क्ष-किरण चित्रावरून ठरते. सूज कित्येक महिने रेंगाळते. धूम्रपानामुळे हाड जुळण्यास विलंब होतो, हेही विसरता कामा नये. घाई केल्यास हाडे न जुळण्याचा धोका वाढतो आणि प्रसंगी पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी येते.

परंतु सहा आठवडे घरी बसणे कोणाला परवडते? महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ अन्वये शासकीय कर्मचाऱ्यास अर्जित व अर्धवेतनी रजा मिळते, आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजाही घेता येते. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या अध्यापकाचे काय? त्याने तास घेतला तरच त्याला मानधन मिळते. रोजंदारीवरील मजूर, मोलकरीण यांची स्थिती याहून निराळी नाही. साहजिकच टाके निघताच ही माणसे लंगडत कामावर हजर होतात. त्याला आपण चिकाटी म्हणून वाखाणतो! शस्त्रक्रियेने जे साधले, ते अशा चिकाटीपायी गमावले जाण्याचा संभव असतो.

विश्रांती हा उपचाराचाच भाग आहे, चैन नव्हे, हे एकदा मान्य केले म्हणजे तिची तरतूद करणे ओघानेच येते. तासिकेवरील अध्यापकांना आजारपणाची काही किमान भरपगारी रजा देण्याचा विचार शासनाने व संस्थाचालकांनी करावयास हवा. तोवर वर्गात एक खुर्ची ठेवणे, तळमजल्यावरील खोली देणे, गर्दीच्या वेळेआधी घरी जाण्याची मुभा देणे, एवढे तर कोणत्याही मुख्याध्यापकाला किंवा कार्यालयप्रमुखाला आजही करता येईल. त्यासाठी शासकीय आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.