स्पेनच्या उन्हाळ्यात मित्रांच्या गावी

स्पेनमध्ये वेगवेगळ्या शहरांत विखुरलेल्या मित्रांना भेटत फिरायचे असेल, तर आगगाडीइतके सोयीचे दुसरे साधन नाही. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये अशा प्रवासाची आखणी करताना गाड्यांच्या वेळापत्रकाआधी यजमानांचा दिनक्रम समजून घ्यावा लागतो, कारण तिथली माणसे कधी घराबाहेर पडतात, किती वाजता जेवतात आणि कोणत्या आठवड्यात शहरच सोडून जातात, हे बऱ्याच अंशी ऊन ठरवते. गाडीने अंतरे कमी केली असली, तरी भेटीची वेळ तिने बदललेली नाही.

अंतरे किती कमी झाली, हे पाहण्याजोगे आहे. सेबिया येथे १९९२ मध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने माद्रिद-सेबिया हा पहिला अतिवेगवान मार्ग सुरू झाला आणि सुमारे ४७० किलोमीटरांचा हा प्रवास अडीच तासांवर आला. ‘आवे’ या नावाने ओळखली जाणारी ही सेवा २००८ मध्ये बार्सिलोनापर्यंत आणि २०१० मध्ये वालेन्सियापर्यंत पोहोचली. आज स्पेनमधील अतिवेगवान मार्गांची लांबी चार हजार किलोमीटरांच्या आसपास असून, या बाबतीत चीनच्या खालोखाल त्याच देशाचा क्रमांक लागतो. २०२१ पासून रेन्फे या सरकारी कंपनीच्या जोडीला इतर कंपन्यांनाही प्रवासी गाड्या चालवण्याची मुभा मिळाल्याने मुख्य मार्गांवरील तिकिटे लवकर काढल्यास बरीच स्वस्त पडतात.

या जलद मार्गांशेजारी एक जुने जाळेही आहे आणि त्याची हकिकत मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. मुख्य भूमीवरील पहिली गाडी १८४८ मध्ये बार्सिलोनाहून मातारो या गावी गेली. त्यापूर्वी १८४४ मध्ये अभियंत्यांनी रुळांमधील अंतर, म्हणजेच गेज, सहा कास्तिलियन फूट असावे असा अहवाल दिला होता. डोंगराळ मुलखातील चढ चढायला मोठ्या बाष्पकाची ताकदवान इंजिने लागतील, असा त्यामागचा हिशेब होता. फ्रान्सच्या सैन्याला अडवण्यासाठी हे गेज वेगळे ठेवले ही समजूत लोकप्रिय असली, तरी या हिशेबाशी ती जुळत नाही. हे गेज आता १,६६८ मिलिमीटर आहे, तर मुंबई-ठाणे मार्गापासून भारतात रूढ झालेले ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर आहे. २०१६ मध्ये टॅल्गो या स्पॅनिश कंपनीची गाडी दिल्ली-मुंबई मार्गावर चाचणीसाठी धावली होती, हे अनेकांना आठवत असेल. १९९२ नंतरचे अतिवेगवान मार्ग मात्र युरोपच्या १,४३५ मिलिमीटर गेजवर बांधल्याने एकाच देशात दोन मापांचे रूळ झाले, आणि अनेक शहरांना जाणाऱ्या गाड्यांना वाटेत चाकांमधील अंतर बदलावे लागते. त्यासाठी गाडी एका छोट्या शेडमधून माणसाच्या धावण्याच्या वेगाने पुढे सरकते. डब्याचा भार बाजूच्या आधारपट्ट्यांवर उचलला जातो, चाकांची कुलुपे सुटतात, मार्गदर्शक पट्ट्या चाकांना नव्या मापावर सरकवतात आणि कुलुपे पुन्हा बसतात. आधारपट्ट्यांवर पाणी सोडलेले असल्यामुळे घर्षण कमी होते. आत बसलेल्या प्रवाशाला गाडी हळू झाली एवढेच जाणवते, पण खिडकीतून पाहण्यासारखे या प्रवासात याहून विलक्षण काही क्वचितच असेल.

रेल्वेच्या नकाशाची ठेवण भेटींचा क्रम ठरवताना उपयोगी पडते. बहुतेक मार्ग माद्रिदमधून चहूकडे फुटतात, त्यामुळे एका बाजूच्या टोकाहून दुसऱ्या बाजूच्या टोकाला जाण्यासाठी अनेकदा राजधानीकडेच यावे लागते, आणि माद्रिदमधील मित्राला प्रवासाच्या मध्यावर ठेवणे शहाणपणाचे ठरते. तिकिटावरील स्थानकाचे नावही नीट वाचावे. माद्रिदमध्येच आतोचा आणि चामार्तिन अशी दोन मोठी स्थानके आहेत, तर आंतेकेरा-सांता आना किंवा कांप दे तार्रागोना यांसारखी काही अतिवेगवान स्थानके ज्या शहरांचे नाव सांगतात त्यांच्यापासून बरीच दूर, मोकळ्या माळावर आहेत.

आता दिनक्रमाविषयी. कोर्दोबा आणि सेबिया येथे जुलैमधील कमाल तापमानाची सरासरी ३६ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असते, आणि १४ ऑगस्ट २०२१ रोजी कोर्दोबा प्रांतातील ला राम्ब्ला येथे ४७.६ अंशांची नोंद झाली. त्यात घड्याळाची भर पडते. स्पेनचा बराचसा भाग ग्रिनिचच्या पश्चिमेला असूनही १९४० पासून देशाने मध्य युरोपची वेळ स्वीकारलेली आहे आणि उन्हाळ्यात घड्याळ आणखी एक तास पुढे जाते, म्हणून माद्रिदमध्ये सूर्य दुपारी सव्वादोनच्या सुमारास डोक्यावर येतो आणि जूनअखेरीस तो मावळायला पावणेदहा वाजून जातात. अनेक कार्यालये उन्हाळ्यात सलग काम करून तीन वाजता सुटतात. त्यानंतर जेवण, जेवणानंतर ताटे तशीच ठेवून रंगणाऱ्या गप्पा, ज्यांना ‘सोब्रेमेसा’ म्हणतात, आणि मग खिडक्यांच्या गुंडाळत्या झडपा पूर्ण खाली ओढून विश्रांती, असा क्रम असतो. या काळात छोट्या शहरांतील दुकाने बंद असतात आणि रस्ते ओस पडतात.

म्हणूनच एका मित्राकडून दुसऱ्याकडे जाण्यासाठी चार ते सातच्या दरम्यानची गाडी सर्वांत चांगली, असे म्हणावेसे वाटते. त्या वेळी शहरात पाहण्या-करण्याजोगे फारसे नसते, यजमान विश्रांती घेत असतो आणि वातानुकूलित डबा ही सर्वांत सुखाची जागा असते. संध्याकाळी पोहोचणाऱ्या पाहुण्याच्या वाट्याला स्पेनचा खरा सामाजिक दिवस येतो. साडेआठ-नऊनंतर ‘तेर्रासा’, म्हणजे खाणावळींनी पदपथावर मांडलेली टेबले, भरू लागतात आणि रात्रीचे जेवण दहाच्या पुढे जाते. आंदालुसियाच्या गावांत वयस्क मंडळी घरातील खुर्च्या उचलून दारासमोर मांडतात आणि अंगावर वारा घेत मध्यरात्रीपर्यंत बोलत बसतात; कादिस प्रांतातील आल्गार या गावाने या प्रथेला युनेस्कोच्या वारसा-यादीत स्थान मिळावे, अशी इच्छा २०२१ मध्ये जाहीर केली होती. मित्राने घरी न बोलावता बाहेर भेटायचे ठरवले, तर मराठी पाहुण्याने त्यात दुरावा शोधू नये, कारण तिथे आपुलकीच्या भेटींची नेहमीची जागा बाहेरचे टेबलच असते, आणि एका ठिकाणाचे पैसे एकाने दिले की पुढच्या ठिकाणचे दुसऱ्याने द्यावेत अशी रीत आहे.

ऑगस्टची गोष्ट वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर लक्षावधी कुटुंबे खेड्यांतून माद्रिद आणि बार्सिलोनासारख्या शहरांत आली, पण गावाकडचे घर अनेकांनी टिकवले. गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांप्रमाणे ती ऑगस्टमध्ये गावी किंवा समुद्रकाठी जातात, आणि १५ ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणाभोवती गावोगाव जत्रा भरतात. तेव्हा मित्र कोणत्या शहरात राहतो यापेक्षा तो त्या आठवड्यात कुठे असेल, हे विचारणे महत्त्वाचे. गावी बोलावणे आले, तर ते अवश्य स्वीकारावे. तिथवर जलद गाडी जात नसली, तरी जवळच्या स्थानकावर घ्यायला कोणीतरी मोटार घेऊन येते, आणि शहरातील मित्राचे आजी-आजोबा, चुलत भावंडे, शेजारी हे सारे एकत्र भेटण्याची संधी दुसरीकडे मिळत नाही.

संध्याकाळी भेटून रात्रीच परत निघणे जवळजवळ अशक्य असते. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या दहाच्या आसपास थांबतात, आणि झोपण्याची सोय असलेल्या रात्रीच्या गाड्या २०२० पासून बंदच आहेत. म्हणून मुक्काम करणे भाग पडते. भारतीय नागरिकांसाठी यात एक कागदोपत्री बाब आहे. शेंगेन व्हिसा मागताना मित्राच्या घरी राहणार असे सांगायचे असेल, तर यजमानाने आपल्या भागातील पोलीस कार्यालयातून ‘कार्ता दे इन्व्हितासियोन’ हे अधिकृत निमंत्रणपत्र शुल्क भरून मिळवावे लागते. खासगी पत्राने ते काम होत नाही, आणि हे पत्र असले म्हणजे व्हिसा मिळेलच असेही नाही. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येत असल्याने, जुलैचा बेत असणाऱ्यांनी यजमानाला या पत्राविषयी हिवाळ्यातच कळवणे बरे.