धनी बदलतो, वेळापत्रक राहते
(ग्रामीण वाहतुकीची घडी : लेखांक चौथा)

गेल्या लेखांकात एका फेरीचा जमाखर्च आपण पाहिला. वाहतुकीचा कारभार एका हातातून दुसऱ्या हाती गेला म्हणजे गाड्या, नोकरवर्ग आणि दप्तर यांचे हस्तांतर रीतसर होते; परंतु त्यांच्यामागून निमूटपणे चालत येणाऱ्या जुन्या वेळापत्रकाची फेरतपासणी कशी करावी, हा आजचा विषय.

नळदुर्गाचा मुलूख या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली संस्थानात मोटारवाहतुकीचे खाते उघडले. रेल्वे केंद्राकडे गेल्यावर ते १ नोव्हेंबर १९५१ रोजी हैदराबाद सरकारच्या अखत्यारीत आले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट होताच येथील वाहतूक त्या राज्याकडे आली. आणि १९६१ साली मुंबईचे महामंडळ, विदर्भातील सेवा व मराठवाड्याची राज्य परिवहन एकत्र होऊन आजचे महामंडळ सिद्ध झाले. उण्यापुऱ्या तीस वर्षांत या मुलखाच्या मोटारींनी चार धनी पाहिले.

नळदुर्गकरांची मोठी बाजारपेठ आणि जवळचे आगगाडीचे स्टेशन पश्चिमेस सोलापुरात, तहसील कचेरी वायव्येस तुळजापुरात, आणि १९५६ पर्यंत सोलापूरच्या वाटेवर दोन राज्यांची सरहद्द आडवी पडलेली. ती सरहद्द पुसली गेली, तरी आगार तुळजापूरचे, विभाग धाराशिवचा आणि सोलापूर हा विभागच निराळा, ही मांडणी कायम राहिली. त्यामुळे गाडी कोठून सुटावी हे आगाराच्या जागेवरून ठरते आणि ती कोठे जावी हे उतारूंच्या गरजेवरून.

ही ओढाताण सावरण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे मुक्कामी गाडी. नळदुर्गाहून पहाटेची गाडी सोडावयाची, तर ती तुळजापुराहून तीसपस्तीस किलोमीटर जवळजवळ रिकामी आणावी लागेल. तीच आदल्या सायंकाळी उतारू घेऊन आली आणि चालक-वाहकांनी तेथेच रात्रवस्ती केली, तर डिझेलही वाचते आणि पहिली फेरीही वेळेवर सुटते. मात्र १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे ८ व आठवड्याचे ४८ तास ही कामाची मर्यादा घातलेली असल्याने, मुक्कामाची ड्युटी लावताना दुसऱ्या दिवसाच्या फेऱ्या बेताने बसवाव्या लागतात आणि चालक-वाहकांच्या निजण्याची सोयही पाहावी लागते.

दुसरे साधन जोडगाडीचे. समजा, आडरस्त्याच्या गावची गाडी नळदुर्गच्या स्थानकात ९.१० ला येते आणि उमरग्याकडून सोलापूरला जाणारी गाडी ९ वाजताच निघून गेलेली असते. वाहतूक नियंत्रकाच्या नोंदवहीत दोन्ही गाड्या बिनचूक वेळेवर, आणि उतारू मात्र तासभर खोळंबलेला! दुसऱ्या दिवशी तो वडापच्या जीपमध्ये बसतो, आडगावच्या फेरीचे भारमान घसरते, आणि काही महिन्यांनी त्याच सबबीवर ती फेरी रद्द करण्याची तजवीज होते. वास्तविक ती पंधरावीस मिनिटे अलीकडे आणली असती, तर एकही जादा गाडी न लागता काम भागले असते. वाहकाचे तिकीट यंत्र सहा किलोमीटरच्या टप्प्याटप्प्याचा हिशेब देते. पण तो गाडीत चढलेल्यांचा असतो. जे चढलेच नाहीत त्यांची गणती शाळेत, आठवडी बाजारात आणि जीपच्या थांब्यावर जाऊनच करावी लागते.

शिवाय येथील गर्दी तिथीने चालते. खंडोबाची एकच मूर्ती अणदूर आणि नळदुर्गनजीकचे मैलारपूर या दोन देवळांत आळीपाळीने नांदते. मैलारपुरी तिचा मुक्काम सुमारे पावणेदोन महिने आणि यात्रा पौष पौर्णिमेची. तुळजापुरास नवरात्र निराळेच. जादा गाड्या निघाल्या की नित्याच्या फेऱ्यांतूनच गाड्या काढल्या जातात. तेव्हा कोणत्या फेऱ्यांना हात लावावयाचा नाही, याची यादी यात्रेपूर्वीच ठरलेली असावी आणि तीत शाळेच्या फेऱ्यांना अग्रस्थान असावे.

नव्या कारभाऱ्याने म्हणूनच प्रथम मुक्काम, जोड आणि यात्रेची यादी या तीन गोष्टी तपासाव्यात, आणि गाड्या वाढविण्याची मागणी त्यानंतर करावी. मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास सुरू झाल्यावर उतारूंची संख्या आणि फेरीचे उत्पन्न यांचे जुने गणित कसे बदलले, त्याचा विचार पुढील लेखांकात करू.