वाइनमधलं काही कळत नाही? चालतंय की!

मागच्या वर्षी नाशिकला एका परिषदेत पोस्टर लावायला गेले होते. शेवटच्या दिवशी सगळे जण वायनरी बघायला निघाले, मीही गेले. पिंप, टाक्या बघून झाल्यावर टेस्टिंगच्या टेबलापाशी उभं केलं. ग्लासात दोन घोट लाल वाइन. समजावून सांगणाऱ्या मुलाने विचारलं, "कसला वास येतोय?" कोणी म्हणालं चेरी, कोणी व्हॅनिला, कोणी ओक. माझ्या जिभेवर मात्र चिंच आल्यासारखं झालं होतं. पण नाशिकमध्ये, एवढ्या लोकांत, चिंच कुठं म्हणायचं? मी मान हलवली आणि म्हणाले, "हो, चेरी."

आता खरं सांगते. मी ताजी चेरी आजवर खाल्लेली नाही. आपल्याकडे केकवर आणि मसाला पानात जी लाल चेरी असते ती बहुतेक वेळा पाकवलेलं, रंगवलेलं करवंद असतं. म्हणजे जे कधी खाल्लंच नाही, त्याचा वास आल्याचं मी दहा माणसांसमोर सांगितलं.

परतीच्या तपोवन एक्स्प्रेसमध्ये नांदेड येईपर्यंत हे डोक्यातून जाईना. होस्टेलवर आल्यावर वाचायला बसले. जे सापडलं ते वाइन न पिणाऱ्यांच्याही कामाचं आहे, खास करून तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल आणि "आपल्याला यातलं काय कळतंय" असं वाटत असेल तर.

आधी चिंचेचं बघू

द्राक्षातलं मुख्य आम्ल म्हणजे टार्टारिक आम्ल. ते फार थोड्या फळांत जास्त प्रमाणात असतं, आणि चिंच त्यातलीच एक. लिंबात सायट्रिक, सफरचंदात मॅलिक. पण द्राक्षात आणि चिंचेत टार्टारिक. लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला तर भौगोलिक मानांकन आहे. तिकडची चिंच खात मोठी झालेली जीभ वाइनमध्ये ओळखीचं काही शोधणार, तर ते हेच असणार.

बाकीची चवही अशीच सुटी करता येते. तोंड कोरडं पडतं, तुरट लागतं ते टॅनिनमुळे. जास्त उकळलेल्या कोऱ्या चहात किंवा जांभळात तेच जाणवतं. यीस्टने सगळी साखर खाल्ली नसेल तर गोडवा उरतो. घशात ऊब येते ती अल्कोहोलमुळे, साधारण १२-१३ टक्के. आंबट, तुरट, गोड, उष्ण. एवढ्या चार शब्दांत तुम्ही कुठल्याही वाइनबद्दल प्रामाणिकपणे बोलू शकता. यासाठी कसला कोर्स लागत नाही.

मग तज्ज्ञांना जास्त काय कळतं?

इथे तीन अभ्यास सांगते.

पहिला फ्रान्समधला, २००१ चा. मोरो, ब्रोशे आणि दुबुर्दियु यांनी बोर्दोमध्ये वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना आधी एक पांढरी आणि एक लाल वाइन दिली आणि वासाचे शब्द लिहायला सांगितले. पुढच्या वेळी तीच पांढरी वाइन दोन ग्लासांत दिली. एका ग्लासात वास नसलेला लाल रंग घातला होता. विद्यार्थ्यांनी त्या रंगवलेल्या ग्लासाला लाल वाइनचे शब्द लावले. डोळ्यांनी नाकाला फसवलं!

दुसरा अमेरिकेतला. रॉबर्ट हॉजसन हे समुद्रविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक, स्वतः वाइन बनवणारे. कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतल्या स्पर्धेत त्यांनी २००५ पासून एक साधी गोष्ट केली. परीक्षकांसमोर येणाऱ्या सुमारे ३० ग्लासांत एकाच बाटलीतली वाइन तीन वेळा ठेवली. २००८ साली निष्कर्ष छापून आले. तिन्ही वेळा गुण एकाच पदकाच्या टप्प्यात ठेवणारे परीक्षक १० टक्क्यांच्या आसपास निघाले. बाकीच्यांचे गुण वर-खाली. काहींनी तर त्याच वाइनला एकदा कांस्य, एकदा सुवर्ण दिलं.

तिसराही २००८ चाच. गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी किंमत लपवून घेतलेल्या ६,००० पेक्षा जास्त चवींच्या नोंदी तपासल्या. सर्वसामान्य लोकांना महाग वाइन जास्त आवडत नव्हती. उलट किंचित कमीच आवडत होती. मात्र प्रशिक्षण घेतलेल्यांत कल थोडा महागड्या वाइनकडे होता.

थांबा, इथेच घसरू नका

हे वाचून "तज्ज्ञ सगळे थापाडे" असं स्टेटस टाकायचा मोह होतो. मलाही झाला होता. मग मूळ पेपर नीट वाचले.

पहिल्या अभ्यासात मुरलेले तज्ज्ञ नव्हते, विद्यार्थी होते. प्रश्न वासाबद्दल होता, चवीबद्दल नव्हता. आणि महत्त्वाचं म्हणजे, हा शब्द दोन्हींपैकी कुठल्या ग्लासाला जास्त लागू पडतो, यातला एक ग्लास निवडणं भाग होतं. "दोन्ही सारख्याच आहेत" म्हणायची सोयच नव्हती. रंगाचा परिणाम खरा आहे, पण "तज्ज्ञांना लाल-पांढरं ओळखता येत नाही" हे त्या पेपरने सिद्ध केलेलं नाही. व्हिडिओत आणि बातम्यांत मात्र बऱ्याचदा तसंच सांगतात. तिसऱ्या अभ्यासातही प्रशिक्षणाने काहीतरी फरक पडतोच आहे.

मग खरं कौशल्य कसं ओळखायचं? मला लातूरचा आडत बाजार आठवतो. खरेदीदार मूठभर सोयाबीन उचलतो, दाणा दाताखाली फोडतो आणि ओलावा सांगतो. शेजारी मॉइश्चर मीटर असतं. अंदाज चुकला तर दोन मिनिटांत कळतं. हंगामात रोज अशी परीक्षा देऊन त्याची बोटं तयार होतात. वाइनच्या परीक्षकाला "तू मघाशी याच वाइनला वेगळे गुण दिलेस" असं सांगणारं कोणी नव्हतं, हॉजसन यांनी ते सांगितलं. तज्ज्ञ म्हणजे मोठे शब्द वापरणारा नाही. ज्याचा अंदाज पुन्हा पुन्हा तपासला गेलाय, तो तज्ज्ञ.

हे स्वतः करून बघा (वाइनशिवाय)

होस्टेलवर वाइन आणायची गरज नाही, नियमात बसतही नाही. चहा घ्या. दोन वेगळ्या चहापत्त्या, पाणी, दूध, साखर अगदी सारखी.

१. तीन सारखे स्टीलचे ग्लास. दोनात एक चहा, तिसऱ्यात दुसरा. वेगळा कुठला, तेवढं ओळखायचं. याला त्रिकोण चाचणी म्हणतात.

२. ग्लास मांडायचे प्रकार सहाच होतात, म्हणून फासा टाकून मांडणी ठरवा. मनाने ठरवली की त्यात सवय डोकावते.

३. भरणारा एक, देणारा दुसरा. देणाऱ्याला उत्तर माहीत नसावं, नाहीतर त्याचा चेहरा उत्तर सांगतो.

४. असं १२ वेळा करा. मध्ये साधं पाणी प्या.

नुसत्या नशिबाने तीनात एकदा उत्तर बरोबर येतंच, म्हणजे १२ पैकी ४. मग किती आले तर फरक कळतो म्हणायचं? द्विपद वितरणाने हिशोब केला तर ८ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता नशिबाने २ टक्क्यांहून कमी आहे. ७ ला ती साडेसहा टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणून ८.

संख्याशास्त्राच्या पेपरमध्ये फिशर यांचा चहाचा प्रयोग येतो, तो याचाच थोरला भाऊ. आठ कप, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. चार ओळखून काढायचे. निवडीचे प्रकार ७०, म्हणून नशिबाने सगळे बरोबर यायची शक्यता ७० त एक. पुस्तकात रटाळ वाटलेलं शून्य गृहीतक तीन ग्लास समोर ठेवले की कायमचं लक्षात राहतं.

आणि वाइनचं काय?

आवडली तर आवडली म्हणा, नाही तर नाही. किंमत बघून मत बदलतंय का, एवढं स्वतःशी तपासा. २००८ सालच्या एका अभ्यासात लोकांना तीच वाइन महाग सांगून दिली तेव्हा ती जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये आनंदाशी जोडलेला भागही जास्त सक्रिय दिसला. म्हणजे ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं लागत होतं.

अजून एक. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा वाइन ही दारू की नाही यावर मोठा वाद झाला. माझ्या आईचं मत ठाम आहे: "दारू ती दारूच." रसायनशास्त्र आईच्या बाजूने आहे. इथेनॉल द्राक्षातून आलं काय नि मळीतून आलं काय, रेणू तोच. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. तेव्हा "लाल वाइन हृदयाला चांगली" म्हणत ग्लास भरू नका. आणि कधीच घेतली नाही तर तुमचं काही अडत नाही.

चेरी का म्हणाले?

हा प्रश्न मला वाइनपेक्षा जास्त छळतो. कारण प्रयोगशाळेतही मी हेच केलं होतं. पहिल्या वर्षी एका क्रोमॅटोग्राममध्ये मला छोटंसं शिखर दिसत होतं. ग्रुपमध्ये सगळे "नॉइज आहे" म्हणाले, मीही "हो, नॉइज" म्हणाले आणि वहीत नोंदही केली नाही. पाच महिन्यांनी कळलं की विद्रावकातच अशुद्धी होती. पाच महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. त्या दिवशी फक्त "मला इथे काहीतरी दिसतंय" एवढं बोलायचं होतं.

संशोधनाची मुलाखत द्यायला जाल तेव्हा समोर तुमच्यापेक्षा जास्त जाणणारे बसलेले असतील. त्यांचे शब्द उसने घेऊ नका. जे दिसलं ते तुमच्या शब्दांत सांगा, आणि ते कसं तपासणार तेही सांगा. चूक निघाली तर दुरुस्त करता येते. जे बोललोच नाही, ते कोणी दुरुस्त करू शकत नाही.

पुढच्या वेळी कोणी विचारलं तर मी चिंचच म्हणणार आहे.